वैशाखातली रम

रम ही थंडीत प्यायची गोष्ट, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. डिसेंबरातली गच्ची, मिलिटरी कोट्यातून कुणाच्या तरी मेहुण्याने आणून दिलेली बाटली, सोबत कोमट पाणी आणि सर्दी असेल तर चमचाभर मध. मराठी घरात रमचा निम्मा मुक्काम औषधांच्या कपाटातच. होळी झाली की ती बाटली मागच्या रांगेत जाते, कारण रम ‘उष्ण पडते’. मग पावसाळ्यापर्यंत बिअर. हैदराबादेत तर विचारायलाच नको. इथे दारूच्या दुकानाला सरसकट ‘वाइन्स’ म्हणतात, आत वाइन असो वा नसो; आणि मे महिन्यात संध्याकाळी वाइन्सपुढे जी गर्दी लोटते ती थंडगार बिअरसाठीच.

ही पुस्तिका त्या समजुतीशी भांडायला लिहिली आहे. रम हे उन्हाळ्याचंच पेय आहे. ती ज्या बेटांवर जन्मली तिथे शेकोटी पेटवायची वेळ येत नाही. बार्बाडोस, जमैका, क्युबा हे सगळे कर्कवृत्ताच्या खालचे मुलूख. किंग्स्टन १८ अंश उत्तर अक्षांशावर, आमचं हैदराबाद साडेसतराच्या जवळपास. म्हणजे जमैकाचा आणि आमचा सूर्य जवळजवळ सारखाच डोक्यावर येतो. कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत ऊस त्या बेटांवर नेला. साखर काढल्यावर उरणाऱ्या मळीचं करायचं काय, या प्रश्नातून सतराव्या शतकात रम निघाली. ऊस तोडणारे हात आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचे होते, हे रमचं कौतुक करताना विसरू नये. पण ती प्यायली जात होती ती उन्हात, घामात, लिंबू-साखर-पाणी घालून. कोमट पाणी आणि मध यांचा तिथे संबंध नव्हता.

मग थंडीचा समज आला कुठून? माझ्या मते फौजेतून. इंग्रजांच्या आरमारात खलाशाला रोज रमचा रतीब असे. तो थेट ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. आपल्या सैन्यात डोंगरमाथ्यावरच्या जवानांना रम मिळते. घराघरात रम पोचली ती कँटीनमधून, आणि कँटीनची रम म्हणजे काळी. त्यात १९५४ साली मोहन मीकिनने ओल्ड मंक बाजारात आणली आणि व्हॅनिलासारखा तिचा गोडसर वास म्हणजेच रमचा वास, असं समीकरण होऊन गेलं. दारूने अंग तापतं हाही भासच. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त वर येतं, ऊब वाटते. शरीराची उष्णता मात्र उलट बाहेर निघून जाते. म्हणजे थंडीतल्या रमचं शास्त्रही तितकंसं भक्कम नाही. अर्थात उन्हाळ्यात ती गारवा देते असंही कुणी समजू नये. गारवा देतो तो बर्फ.

हैदराबादच्या नल्लकुंट्यात बसून रमवर लिहिणं हे जरा धाडसाचंच. एका अंगाला शृंगेरीचा शंकरमठ, दुसऱ्या अंगाला फीव्हर हॉस्पिटल. जुनी माणसं त्याला अजून ‘कोरंटी’ म्हणतात. या हॉस्पिटलला सर रोनाल्ड रॉसचं नाव आहे. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रॉसने पाहिला तो १८९७ साली, सिकंदराबादेत. त्या हिशेबाने आमच्या मोहल्ल्यातून पुस्तिका निघायची तर ती जिन-टॉनिकवर निघायला हवी होती, कारण टॉनिकमध्ये क्विनीन असतं. पण जिन मला अत्तराची कुपी घशात रिकामी केल्यासारखी लागते. तेव्हा तो विषय दुसऱ्या कुणी घ्यावा.

इथली मराठी वस्ती जुनी आहे. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गाने नांदेड, परभणी, औरंगाबादची माणसं शिकायला, वकिली करायला, निजामाच्या नोकरीत रुजू व्हायला इकडे आली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे ते परगावी आल्यासारखंही नव्हतं. सुलतानबाजार, काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंटा या पट्ट्यात ती घरं अजून सापडतात. मुलं तेलुगू माध्यमातल्या सोबत्यांशी दखनीत भांडतात आणि आईशी मराठीत. या घरांतून चैत्र लागला की कैऱ्या उकडल्या जातात, गूळ-वेलची घालून पन्हं होतं, माठात वाळा पडतो, पाहुण्यापुढे लिंबाचं सरबत येतं. पन्हं नीट जमणाऱ्या हाताला उन्हाळ्यातली रम नव्याने शिकवावी लागत नाही. आंबट किती, गोड किती, पाणी किती आणि मीठ कितपत, याचा अंदाज त्या हाताला आधीच असतो. रम त्यात चौथी-पाचवी वस्तू म्हणून येते आणि हिशेब थोडा बदलतो, एवढंच.

हे मी उगाच आपलेपणा जोडायला म्हणत नाही. इतिहासच तसा आहे.

१६११ साली इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचं ‘ग्लोब’ हे जहाज कोरोमंडल किनाऱ्यावर आलं आणि पेटापोली व मच्छलीपट्टण इथे कंपनीने वखारी घातल्या. पेटापोली म्हणजे आजचं निजामपट्टणम, आंध्रातल्या बापटला जिल्ह्यातलं. तो सगळा मुलूख तेव्हा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा. १६३२ च्या सप्टेंबरात कंपनीच्या एका माणसाने पेटापोलीच्या वखारीतल्या व्यापाऱ्याला पत्र लिहिलं आणि त्यात ‘पंच’ पिण्याचा उल्लेख केला. या पेयाचा लेखी आढळणारा हा पहिला उल्लेख मानतात. गोवळकोंड्याच्या तख्तावर तेव्हा अब्दुल्ला कुतुबशहा होता. सहा वर्षांनी, १६३८ साली, मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेच्या इंग्रज वखारीत उतरला; त्याने तिथे दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचं मिश्रण पाहिलं आणि लिहून ठेवलं. किनाऱ्यावर ताडीची आणि गुळाची अर्क काढलेली दारू मिळे, लिंबं मिळत, साखर मिळे. विलायतेची वाइन जहाजात आंबून जाई, बिअर खराब होई. मग या उन्हात काय प्यायचं? तर लिंबाच्या सरबतात इथलीच दारू.

खलाशांनी ती युक्ती बरोबर नेली. लंडनमध्ये पंचची मोठाली भांडी फॅशन झाली आणि अटलांटिकपलीकडे उसाच्या बेटांवर ताडीच्या अर्काची जागा रमने घेतली. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्ननने खलाशांची रम चौपट पाण्यात पातळ करून द्यायचा हुकूम काढला, कारण निखळ रम पिऊन माणसं डोलकाठीवरून पडत होती. ज्याला हवं त्याने पदरच्या पैशाने लिंबू-साखर घ्यावी, अशी सोयही त्यात होती. जमैकात मळेवाल्यांचं पंच एका ठरीव प्रमाणात व्हायचं: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. आजच्या जिभेला ते गोडमिट्ट लागेल, पण हिशेबाची रीत तीच. पुढे मोठं भांडं गेलं, एका माणसाचा एक पेला आला, आणि बर्फ स्वस्त झाला. उन्हाळ्यातल्या रमचं आजचं रूप त्यातून घडलं.

त्या रूपांपैकी सगळ्यात नेटकं म्हणजे डायकिरी. पांढरी रम, लिंबू, साखर, बर्फ. बस्स. डायकिरी हे क्युबाच्या आग्नेयेला सान्तियागोजवळच्या एका खाणीच्या गावाचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे जेनिंग्ज कॉक्स नावाचा अमेरिकन खाण-अभियंता होता आणि पाहुण्यांसाठी त्याने हे पेय जुळवलं, अशी कथा सांगतात. कॉक्सच्या आधी क्युबातल्या कुणी गड्याने रमच्या पेल्यात लिंबू पिळलं नसेल, हे मला पटत नाही. पण गावाचं नाव लागलं ते कॉक्समुळे. सान्तियागो हेच बाकार्डी घराण्याचंही गाव. फाकुंदो बाकार्डीने १८६२ मध्ये तिथे भट्टी घेतली आणि कोळशातून गाळून हलकी, स्वच्छ रम काढली. तशी रम नसती तर डायकिरी झाली नसती, कारण जड काळ्या रमपुढे लिंबाचा आवाज दबतो. हवानातल्या एल फ्लोरिदिता या बारमध्ये कोन्स्तान्तिनो रिबालाइगुआ याने पुढे ती बारीक बर्फात घुसळून नावारूपाला आणली. हेमिंग्वे तिथलं गिऱ्हाईक. तो साखर नको म्हणायचा आणि रम दुप्पट मागायचा. त्याच्या नावाची ती आवृत्ती या पुस्तिकेत नाही. ज्याला हेमिंग्वे व्हायचं आहे त्याने आधी लिहायला बसावं.

आता लिंबाकडे येते, कारण माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातली मुख्य वस्तू रम नसून लिंबू आहे.

परदेशी पुस्तकांतून रमच्या कृती वाचताना आपल्याकडची माणसं बिचकतात, की ते मोठं हिरवं बिनबियांचं ‘लाइम’ आणायचं कुठून. आणायचं नाही. ते इराणी वळणाचं लिंबू अमेरिकेच्या बाजारात आलं ते टिकाऊ म्हणून आणि बिया नाहीत म्हणून. क्युबातलं गावठी लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू, जातीने तेच. बारीक, पातळ सालीचं, रसाला तिखट, सालीला झणझणीत वास. मुळात डायकिरी ज्या लिंबावर बसवली ते आपल्या भाजीवाल्याच्या टोपलीत आहे आणि न्यूयॉर्कच्या बारमध्ये नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विक्रम आणि प्रमालिनी हे कागदी लिंबाचे वाण दिले, राहुरीच्या विद्यापीठाने साई सरबती दिलं. आमच्याकडे माल येतो तो नलगोंड्याकडून आणि खाली नेल्लोरजवळच्या गूडूरकडून.

अडचण एकच: लिंबाला उन्हाळ्यात भाव. लिंबाच्या झाडाला मोकळं सोडलं तर बहुतेक फळ पावसाळ्यात येतं, जेव्हा सरबत कुणाला नको असतं. एप्रिल-मेमध्ये लिंबू हवं तर शेतकऱ्याला हस्त बहार धरावा लागतो. म्हणजे पावसाळा सरता सरता झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, मग पाणी-खत देऊन सप्टेंबर-ऑक्टोबरात फूल आणायचं. परतीचा पाऊस लांबला की ताण बसत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात लिंबू महागतं. नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात तेव्हा गंमत बघावी. पिवळीधमक, फुगीर लिंबं वर मांडलेली असतात आणि गिऱ्हाईक ‘पाच द्या’ म्हणालं की म्हातारी अम्मा खालून हिरवी, टणक पाच काढते. ती घेऊ नयेत. लिंबू घ्यायचं ते साल गुळगुळीत आणि दाबल्यावर किंचित दबणारं. खडबडीत साल म्हणजे आत जाडी जास्त, रस कमी. एक-दोन डाग असले तर चालतात. एका चांगल्या कागदी लिंबातून दहा-बारा मिली रस निघतो, म्हणजे एका पेल्याला दोन लिंबं धरावीत. फ्रिजमधून काढलेलं लिंबू लगेच कापू नये, ओट्यावर तळव्याखाली चार वेळा फिरवून घ्यावं. आणि रस आयत्या वेळीच काढावा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो, सरबतातही आणि रममध्येही. बाटलीबंद रसाविषयी या पुस्तिकेत एक शब्दही नाही, आणि तो मुद्दामच नाही.

साखरेचं म्हणाल तर आपली दाणेदार साखर गार पाण्यात लवकर विरघळत नाही. डायकिरीत ती तळाशी बसून राहते आणि शेवटचा घोट नुसता खडखडतो. म्हणून पाक. पण पाक म्हटलं की मराठी बाई एकतारीकडे वळते, ते इथे नको. समान मापाची साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळी फुटायच्या आत गॅस बंद. गार झाला की बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा, पंधरवडाभर राहतो. गुळाचा पाकही करता येतो आणि काळ्या रमशी तो फार चांगला जुळतो. पांढऱ्या रमवर मात्र गूळ स्वार होतो.

मुख्य कृती पुढच्या पानांवर सविस्तर आहे, पण प्रस्तावनेतच सांगून टाकते, म्हणजे पुस्तिका इथेच मिटायची असेल त्यालाही रिकाम्या हाताने जावं लागणार नाही. एका पेल्याला ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली पाक आणि चिमटीत येईल त्याच्या निम्मं मीठ. मीठ क्युबातलं नाही, आपल्या सरबतातलं आहे. खारटपणा कळता कामा नये. तो लिंबाच्या सालीतला कडवटपणा दाबतो आणि गोडी वर आणतो. हे सगळं फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालायचं आणि डबा तीन चतुर्थांश बर्फाने भरायचा. शेकर घरात नसतो, आणायचं कारणही नाही. फक्त झाकण घट्ट बसतं ना, हे आधी नुसतं पाणी घालून न्हाणीघरात तपासावं. मग दोन्ही हातांत नॅपकिन घेऊन डबा जोरात हलवायचा. पहिले चार-पाच सेकंद बर्फ खडाखड वाजतो. मग आवाज जरा मऊ पडतो. डब्याच्या अंगावर आधी घाम येतो, लगेच तो पांढुरका होतो, आणि बोटं बधिर व्हायला लागली की थांबायचं. दहा-बारा सेकंदांत हे होतं. चहाच्या गाळण्यातून फ्रिजमध्ये गार केलेल्या पेल्यात गाळायचं. वर पातळ फेस येतो आणि त्यात बर्फाचे बारीक कण चमकतात. ते कण विरायच्या आत पहिला घोट गेला पाहिजे.

या हलवण्यात जे होतं ते समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या कृती आपोआप कळतील. एक ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची ८० कॅलरी उष्णता शोषतो. गारवा येतो तो या वितळण्यातून, म्हणून बर्फ वितळतोय म्हणून हळहळायचं नाही. वितळलेलं पाणी हा पेयाचाच भाग आहे. १०५ मिली मिश्रण डब्यात घातलं तर गाळून निघतं ते १४५ च्या आसपास. त्यात अल्कोहोल असल्याने पेय शून्याच्याही खाली, उणे चार-पाच अंशांपर्यंत जातं आणि तरी गोठत नाही. ४२.८ टक्क्यांची रम अशा तऱ्हेने पेल्यात येईपर्यंत सतरा-अठरा टक्क्यांवर आलेली असते. ज्यांना ‘पाणी घालून बिघडवू नका’ म्हणायची सवय आहे त्यांनी हे दोनदा वाचावं. घरच्या बर्फाचा खरा शत्रू वेगळाच: फ्रीजरमध्ये शेजारी ठेवलेलं वाटण. बर्फ वास ओढून घेतो. बर्फाचा ट्रे झाकून ठेवावा, आणि पाहुणे चार असतील तर दोन ट्रे पुरत नाहीत हे आदल्या दिवशी लक्षात घ्यावं.

मोहितोबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण हैदराबादेत या नावाची पार वाट लागली आहे. मंडीच्या थाळीबरोबर, बिर्याणीबरोबर, पिझ्झाबरोबर जो तो मोहितो विकतो. त्यात रम नसते याची तक्रार नाही. मुलांनाही काहीतरी फसफसणारं हवंच असतं. पण तो निळा असतो. मी एका ठिकाणी विचारलंही, की पुदिना कुठाय. पोऱ्याने काडीने पेल्यात ढवळून एक पान वर आणून दाखवलं. खरा मोहितो हवानाचा: पुदिना, लिंबू, साखर, पांढरी रम, सोडा. क्युबातला तो पुदिना आपल्या पुदिन्याचा जवळचा भाऊबंद आहे, आणि पुदिन्याच्या बाबतीत हैदराबादकराला कुणी काही शिकवू नये. बिर्याणीमुळे जुडी बारमाही मिळते. चूक होते ती एकाच जागी. आपल्याला पुदिना दिसला की हात चटणीकडे जातो. पानं कुटली की हिरवा कडू रस सुटतो आणि दातात कण येतात. आठ-दहा पानं पेल्याच्या तळाशी साखर-लिंबात घालून रवीच्या दांड्याने नुसती दाबायची, पान फाटता कामा नये. मग ४५ मिली रम, पेला भरून बर्फ, वर सोडा. वास हवा असेल तर एक डहाळी तळव्यावर टाळी वाजवून वर खोचावी. सोडा गोळीच्या बाटलीचा मिळाला तर उत्तम, त्याचा जोर जास्त.

आणि ज्यांच्या घरी काळीच रम आहे त्यांनी काय करावं? वाइन्समध्ये पांढरी रम मागितली तर पोऱ्या पुष्कळदा आधी व्होडका पुढे करतो, हे मला ठाऊक आहे. तेलंगणात माल सरकारी महामंडळाच्या डेपोतून येतो आणि दुकानदार ठेवतो ते खपणारं, म्हणजे व्हिस्की, ब्रँडी आणि बिअर. काळ्या रमची क्युबा लिब्रे करावी. ती तुम्ही आयुष्यभर पीत आला आहात, फक्त अर्धी. रम आणि कोला म्हणजे क्युबा लिब्रे नव्हे. त्यात अर्धं लिंबू पिळलं की ती होते. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेला आणि थम्स अप आलं, तेव्हापासून आपल्याकडे रमची सोयरीक थम्स अपशी जुळली, ती कोला १९९३ मध्ये परत आल्यावरही सुटली नाही. त्या सोयरिकीत लिंबाला कुणी बोलावलंच नाही. ते घाला, कोला निम्मा करा, उरलेला निम्मा सोडा घाला. तीच ओल्ड मंक वैशाखात हलकी लागते.

उन्हाळ्यात दारू कशी प्यावी याचं शहाणपण कुणाकडून घ्यायचं असेल तर मी गोव्याकडे बोट दाखवीन. काजूची बोंडं पिकली की पहिल्या धारेचा हुर्राक निघतो, फेणीहून सौम्य, आणि तो हंगामापुरताच मिळतो. गोंयकार तो लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का किंवा सोडा घालून भरपूर बर्फात पितो. हंगाम संपला की विषयही संपतो. रमच्या पेल्यात मिरचीची एक चीर घालायची कल्पना तिथूनच घेतली आहे. गोव्यात अलीकडे मका झाय नावाची रमही निघाली आहे, पांढरी आणि सोनेरी. प्रवासात मिळाली तर पांढरी आणावी.

आपल्या भागाला मळीची ओळख नवी नाही. निजामाच्या राज्यातला सगळ्यात मोठा साखर कारखाना बोधनला, नांदेडच्या सीमेला लागून, जिथे बाजारात आजही मराठी चालते. १९३० च्या दशकाअखेर सुरू झालेला हा कारखाना एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत मोजला जाई. २०१५ मध्ये तो बंद पडला. गोदाकाठच्या उसाची चव असलेली, गावाचं नाव लावणारी रम मात्र कधी निघाली नाही. आपल्याकडे मळी म्हणजे स्पिरिट आणि स्पिरिट म्हणजे देशी, एवढ्यावर विचार थांबला. महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांची रांग लागली, पण उसाच्या रसाची रम करून बघावी असं फारसं कुणाला वाटलं नाही. मार्टिनिक बेटावर थेट रसापासून रम करतात आणि तिला फ्रान्समध्ये वाइनसारखा मान आहे. रसवंतीगृहात आलं-लिंबू घातलेला रस पिणाऱ्याला त्या रमचा वास लगेच ओळखू येईल.

काही गोष्टी या पुस्तिकेत नाहीत. आंब्याच्या रसात रम नाही. बंगिनपल्ली पिकल्यावर त्यात काहीही घालणं मला मंजूर नाही. कैरीच्या पन्ह्यात रम आहे, कोकमात आहे, ताडगोळे बारीक चिरून घातलेली डायकिरी आहे आणि ती पुस्तिकेतली माझी आवडती. वाळ्याचं सरबत वगळलं, कारण वाळा रमला जागा देत नाही. जळती रम, पेल्यात छत्री, नारळाच्या करवंटीत वाढणं, हे सगळं ज्याला हवं त्याने लग्नाच्या हॉलमध्ये पाहावं.

वेळेचं सांगते. ही सगळी पेयं सूर्य मावळल्यावरची आहेत. दुपारी उन्हातून आल्यावर घशाला कोरड पडलेली असते ती पाण्याची, आणि दारू शरीरातलं पाणी आणखी काढते. आधी माठातलं दोन पेले पाणी, मग डबा हातात घ्यावा. डायकिरी सरबतासारखी उतरते, हाच तिचा गुण आणि हाच धोका. एका पेल्यात दोन पेग आहेत हे जिभेला कळत नाही. माणशी एक, फार तर दोन. तिसऱ्याला बर्फ संपलाय असं सांगावं. गाडी चालवून घरी जाणाऱ्यासाठी त्याच लिंबू-पाकाचं, मीठ घातलेलं सरबत त्याच गार पेल्यात गाळून द्यावं. त्याला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही. कायद्याचंही ध्यानात असू द्यावं. तेलंगणात वयाची अट २१ ची, महाराष्ट्रात रमसाठी २५ ची, आणि तिथे पिण्याचा परवानाही लागतो, जरी तो खिशात बाळगणारा माणूस मी पाहिलेला नाही.

सोबत काय ठेवावं याला पुस्तिकेत एकच पान आहे. भाजलेले शेंगदाणे, कैरीची फोड तिखट-मीठ लावून, फार तर मुरुक्कू. तळलेलं चिकन नको. मसाल्याने जीभ बधिर झाली की लिंबाचा बारकावा कळत नाही आणि केलेली मेहनत वाया जाते. पेले लहान घ्यावेत, दीडशे मिली मावेल एवढेच. घरात कॉकटेलचे उंच दांड्याचे पेले नसतील तर आइस्क्रीमच्या काचेच्या वाट्या चालतात, आणि खरं तर जास्त बऱ्या, कारण दांडा मोडत नाही.

कृती सोप्यापासून अवघडाकडे लावलेल्या आहेत. पहिली डायकिरी. ती हाताला बसल्याशिवाय पुढचं पान उलटू नये अशी विनंती आहे. पहिल्यांदा आंबट झाली तर पाक पाच मिली वाढवावा, गोड झाली तर लिंबू पाच मिली. रम वाढवून काहीही दुरुस्त होत नाही.